मृगापासून मोजलेलं वर्ष

यंदा नवरात्रात नात घरी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं मला बजावलं, "आजी, खंडेनवमीला माझ्या लॅपटॉपवर फूल ठेव फक्त. पाणी नको, कुंकू नको." तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, कॉम्प्युटरच शिकते. मी म्हटलं, बाई, हे दुसऱ्या कोणाला सांग, मला नको सांगू. ती हसली. तिला वाटलं, आजी मस्करी करून राह्यली. मग ती खिडकीपाशी बसली, मांडीवर ते यंत्र, आणि थोड्या वेळानं तिच्या दोन भुवयांच्या मधे एक उभी आठी पडली. जेवायला हाक मारली तर "हं" म्हणाली आणि उठली नाही.

ती आठी मी ओळखते. पन्नास वर्षांमागं आमच्या घरात ती एका कपाळावर दसऱ्याला पडली ती पौषापर्यंत गेली नव्हती.

आश्विन महिना आपल्याकडे मोठा फसवा असतो. सकाळी गवतावर दव असतं आणि दुपारी ऊन असं की डोक्यावरचा पदर तापतो. शेतात कापसाची पहिली बोंडं उकललेली, तुरीला पिवळा फुलोरा, बाजारात झेंडूचे ढीग. सगळं छान दिसतं.  पण अजूनही नवमीच्या दिवशी सकाळी जाग आली की मी आधी कान टवकारते. कुठं काही बिघडलं तर नाही ना.

तेव्हा आम्ही मंगरूळपीरला होतो. पुढं पिठाची गिरणी, मागं घर. गिरणीचं इंजिन डिझेलचं. त्याची टुकटुक इतकी अंगवळणी पडलेली की ते चालू असताना ऐकू यायचं नाही, बंद पडलं की ऐकू यायचं. घरातल्या सगळ्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या, माझ्या सासूबाईंच्या तर पापण्यासुद्धा. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसरी शिकलेली होते. पुढचं वाचायला शिकले ते वाण्याच्या पुड्या सोडून सोडून. जिरं डब्यात ओतायचं आणि कागद घेऊन बसायचं. सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, जिरं तं वाच आधी, त्यात खडे हायेत."

आमचे धाकटे दीर, भाऊजी, त्यांचं विद्यापीठाचं शेवटचं वर्ष होतं ते. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा आमच्या गावात कोणी ऐकला नव्हता. गिरणीवर दळण घेऊन येणारे विचारायचे, धाकटा काय शिकते म्हणून. माझे मालक सांगायचे, "मशीनवर गणित करते."

"म्हंजे गिरणीच ना?"

"गिरणीच, पण आकड्यांची."

"मंग पीठ कुठी पडते?" असं कोणीतरी विचारलं की सगळे हसायचे. भाऊजीही हसायचे. त्या वर्षाच्या आधी ते फार हसरे होते.

त्या दसऱ्याला ते घरी आले ते एक पत्र्याची लांबट पेटी छातीशी धरून. बिछाना, ट्रंक सगळं हमालासारखं पाठीवर, पण पेटी कोणाच्या हाती देईनात. मी म्हटलं, "भाऊजी, एवढं काय आणलं त्याच्यात? सोनं लुटायला अजून दोन दिवस हायेत." त्यांनी झाकण उघडून दाखवलं. आत बदामी रंगाची जाड कागदाची पत्ती, लांबट, एक कोपरा कापलेला, उभी एकाला एक लावून गच्च बसवलेली. प्रत्येकात बारीक बारीक चौकोनी भोकं.

"याच्यावर लिहिलेलं काय हाये?"

"ही भोकंच लिहिणं हाये, वहिनी. मशीन भोकं वाचते."

मग त्यांनी मला सांगितलं, आणि मी जे समजले ते तुम्हाला सांगते. एका धरणाचं पाणी कोणत्या महिन्यात किती सोडावं, याचं गणित त्यांनी मांडलं होतं. पेटीच्या पुढच्या भागातल्या पत्त्यांवर गणित कसं करायचं ते, आणि मागच्या भागात पावसाचे आकडे, कित्येक वर्षांचे, महिन्यामहिन्याचे. त्यांच्या कॉलेजात भोकं पाडायचं यंत्र होतं, पण ती वाचून हिशेब करणारं मोठं मशीन मुंबईला. तिथं सगळ्या मुलखाची पोरं रांगेत. त्यांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची पाळी मिळाली होती. मशीननं उत्तर दिलं तर मास्तर सही करणार, सही झाली तर परीक्षेला बसणार. नाहीतर वर्ष गेलं. आणि दुसरं वर्ष शिकवायची आमची ऐपत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं, कोणी बोलून दाखवत नव्हतं.

"पत्तं एक जरी वाकलं, फुगलं, तं मशीनच्या दातात अडकते," ते म्हणाले. "म्हणून हातच लावू देत नाई मी."

हे त्यांनी मला सांगितलं. सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजायची. गिरणीचे पाने, हातोडी, गिरणीच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी, तराजू, दोन विळे, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं. त्या दिवशी इंजिन बंद. आणि एकदा पुजलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी त्यातलं काही उचलायचं नाही. भाऊजी दुपारी मित्राकडे गेले होते. सासूबाईंनी मनाशी विचार केला असणार, की थोरल्याची हत्यारं तर पाटावर आली, धाकट्याचं काय? त्याचं हत्यार ते पेटीत. त्यांनी पेटी उचलून पाटावर ठेवली, तराजूच्या शेजारी. आणि झाकणाची कुठं पूजा करतात का, म्हणून झाकण काढून ठेवलं.

मी पुरणाच्या गडबडीत होते. येऊन पाहिलं तेव्हा सगळं झालेलं. फुलानं पाणी शिंपडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, अक्षता टाकलेल्या, वर झेंडूची माळ. सासूबाई डोळे मिटून हात जोडून बसलेल्या. पांढऱ्या पापण्या हलत होत्या. मागच्या बाजूला, जिथं पावसाचे आकडे होते तिथं, पत्त्यांच्या कडा ओल्या होऊन पिवळ्या पडत चालल्या होत्या. मी पाहत होते आणि ते पिवळेपण माझ्या डोळ्यांदेखत खाली उतरत होतं.

कसं सांगावं? तीस वर्षांच्या बाईनं त्या वेळच्या सासूला पूजेतून उठवायचं? मी उभीच राहिले. तेवढ्यात भाऊजी आले.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. वाकून पेटीला हात घालणार तोच सासूबाईंनी मनगट धरलं.

"उद्या. उत्तरपूजा झाल्यावर."

"माय, ते ओलं झालं."

"देवाचं पाणी हाये."

"माय, मले आत्ताच पायजे."

"पूजेतलं हत्यार उठवत नसते, बापा. वर्षभर काम बिघडते."

आता यावर बोलणार काय? बिघडलं आहे म्हणावं तर आईनं बिघडवलं म्हणायचं, आणि ते त्यांच्यानं म्हणवेना. ती पाटापाशी बसलेली, भाऊजी गुडघ्यावर टेकलेले, एक हात तिच्या हातात. गिरणी बंद असल्यानं घरात इतकं शांत होतं की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज हातोडीसारखा येत होता. शेवटी माझे मालक दारातून म्हणाले, "माय, त्याची सकाळची पहिली एस.टी. हाये. तो उत्तरपूजेले इथी नसणारच. आजच कर त्याच्या पेटीपुरती."

सासूबाईंनी मग चार अक्षता टाकल्या, पेटी बोटभर सरकवली आणि म्हणाल्या, "ने. पण मनातून नाई देऊन राह्यली मी."

आमच्या शेजारी रशीदमामू होते, शिंपी. त्यांच्याकडे कोळशाची मोठी इस्त्री. भाऊजींना तेच सुचलं. पेटी घेऊन आम्ही दोघं त्यांच्या दुकानात गेलो. मामूंनी एक पत्तं हातात घेतलं, उजेडाला धरलं, भोकांतून आमच्याकडे पाहिलं आणि पत्तं परत ठेवलं.

"भाभी, कपडा जळाला तं मी नवा शिवून देतो. हे जळलं तं काय शिवू? इस्त्री घ्या, टेबल घ्या, दुकान घ्या. हात तुमचाच राहू द्या."

म्हणून इस्त्री मी धरली. भाऊजी एकेक पत्तं पेटीतून काढून त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं क्रमाची खूण करत, अक्षता झटकून देत, मी वर मलमल टाकून फिरवत असे, मामू निखारे फुंकत. घामानं पदर भिजला, पण कपाळ पुसायला हात उचलायची हिंमत होईना, थेंब पडला तर? तांदळाचा एक दाणा पत्त्याला चिकटून बसलेला, तो भाऊजींनी नखानं काढला आणि खिशात टाकला, केरात टाकला नाही. हे मी पाहिलं. पत्ती सपाट झाली. डाग गेले नाहीत.

आता हे लिहिताना नात मधेच विचारते, "आजी, त्याची दुसरी कॉपी नव्हती?" तिला कसं सांगू, की बाई, त्या काळी कशाचीच दुसरी नव्हती.

दसऱ्याच्या पहाटे भाऊजी गेले. आम्ही सोनं वाटलं, लोक पाया पडून गेले, सासूबाई कोणाशी नीट बोलल्या नाहीत. नंतरचे दिवस आम्ही कसे काढले विचारू नका. पोस्टमन गल्लीत वळला की मी ओट्यावर. त्या गुरुवारी सासूबाई रशीदमामूंच्या घरच्यांबरोबर दर्ग्यावर जाऊन आल्या. काय मागितलं ते बोलल्या नाहीत, येताना प्रसादाची शिरणी आणली ती तेवढी सगळ्यांच्या हातावर ठेवली.

भाऊजी दिवाळीला आले. दारात पाहिलं आणि मला कळलं. पेटी होती, पण छातीशी नव्हती, हातात लोंबत होती. दुसऱ्या हातात कागदाची जाड गुंडाळी, दोन्ही कडांना भोकं असलेली.

"चाललं का?" मालकांनी विचारलं.

"चाललं. उत्तर चुकीचं आलं." मास्तरांनी हातापाया पडून दुसरी पाळी मिळवून दिली होती, माघातली. ती शेवटची.

सासूबाई पणत्या पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवसापासून भाऊजी सगळ्यांशी बोलत, आईशी बोलत नसत. भांडण नाही, तंटा नाही. ती वाढायची, ते जेवायचे. ती विचारायची, "कालवण घेतो?" ते मान हलवायचे. अभ्यंगाला तेल लावायला ती बसली तर म्हणाले, "वहिनी लावतील." मी काय करू, वाटी कोणाच्या हातून घेऊ? फटाक्यांचा आवाज आला की घरात तेवढाच आवाज. भाऊजींना खात्री होती की पावसाचे आकडे पाण्यानं फुगले, मशीननं चुकीचे वाचले, म्हणून सगळं फसलं. ते हे कोणाला बोलले नव्हते, पण मी इस्त्री धरली होती, मला त्यांच्या नजरेतून वाचता येत होतं. आईला सांगायचं नाही एवढं शहाणपण त्यांनी ठेवलं. पण राग तर कुठं जाणार?

आणि सासूबाईंच्या मनात निराळंच. एकदा कापूस वेचून परत येताना, डोक्यावर गाठोडं, त्या मागून म्हणाल्या, "म्या पेटी उठवू दिली नसती तं चाललं असतं त्याचं." मी थांबले. तोंडाशी आलं होतं सगळं. पण पाण्याचं सांगायचं म्हणजे एक काटा काढून दुसरा रुतवायचा. मी म्हटलं, "आत्याबाई, गाठोडं जड झालं का, देऊ का हात?" दोघींच्या अंगाला कपाशीची वाळकी पानं चिकटलेली. पुढं घरापर्यंत पायवाटेवर नुसता त्या पानांचा चुरचुर आवाज.

सुट्टी संपली, भाऊजी गेले, पौषात परत आले. थंडी मोठी पडली होती. माघातली पाळी जवळ येत चालली आणि भाऊजी आपले गिरणीच्या ओट्यावर बसून राहायचे. मुंबईहून आणलेली कागदाची गुंडाळी दिवाळीपासून सुतळीत बांधलेली तशीच खुंटीला. मी एक दिवस विचारलं, "भाऊजी, त्या कागदात काय हाये?"

"मशीननं काय वाचलं, ते सगळं छापलेलं."

"मंग पाहिलं का, कुठी चुकीचं वाचलं ते?"

"पाहायचं काय त्यात? मले माहीत हाये कुठी चुकलं."

"तरी पाहू. तुमी मशीनचा कागद धरा. तुमच्या हातचा मी वाचते."

इंग्रजी आकडे त्यांनीच मला आधीच्या एका उन्हाळ्यात शिकवले होते. दुपारच्या उन्हात, ओट्यावर, मी त्यांच्या वहीतले पावसाचे आकडे एकेक करून वाचू लागले आणि ते छापील कागदावर बोट ठेवून "हं" म्हणू लागले. इंजिनाची टुकटुक, माझा आकडा, त्यांचं हं. सुरुवातीला ते हं असं होतं, जसं एखाद्याला चोर कुठं लपला ते ठाऊक आहे आणि आपण मुद्दाम इकडेतिकडे शोधतो आहोत. हळदीचे डाग पडलेल्या पत्त्यांचे आकडे आले तेव्हा ते पुढं सरकून बसले. मी वाचला. हं. पुढचा वाचला. हं. त्याच्या पुढचा. हं. सगळे डाग संपले आणि एकही आकडा बिघडलेला नव्हता. मशीननं अक्षरन्‌अक्षर बरोबर वाचलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"पहिल्यापासून पुन्हा वाचा," ते म्हणाले. आवाज बदलला होता. मी पहिला आकडा वाचला. हं आलं नाही. मी मान वर केली तर ते कागद मांडीवर टाकून समोर रस्त्याकडे पाहत होते. तो आकडा मृगाचा होता, म्हणजे जूनचा. आमच्याकडचा पोरगा, पावसाचं वर्ष मांडायला बसला तर आणखी कुठून सुरू करणार? त्यांनी बाराही महिने मृगापासून मांडले होते, आणि गणित मात्र पुस्तकातलं घेतलं होतं, ते जानेवारीपासून मोजणारं. मशीननं बिचाऱ्यानं मृगाचा पाऊस जानेवारीत पाडला, माघफाल्गुनात धरण भरून वाहवलं आणि श्रावण कोरडा ठेवला. दिवाळीला तो कागद नुसता उघडला असता तरी दिसलं असतं. राग आला होता म्हणून उघडला नव्हता.

ते उठून गिरणीत गेले आणि बराच वेळ इंजिनाच्या पट्ट्याजवळ उभे राहिले. पीठ अंगावर उडत होतं.

पुढं माघात ते मुंबईला गेले. पत्ती नीट लावून, तीच ती डागाळलेली, मशीनला घातली. श्रावणात पाऊस पडला, उत्तर आलं, सही झाली, उन्हाळ्यात पास झाल्याची तार आली आणि गिरणीवर ज्यानं दळण आणलं त्याच्या हातावर साखर पडली. नंतर नोकरी, लग्न, सगळं रीतीनं झालं. पण त्या वर्षाची आठवण आली की मला तार आठवत नाही, साखर आठवत नाही. मला आठवते ती ओट्यावरच्या वाचनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

सासूबाई अंगणात उन्हाला पाठ करून हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. कोवळ्या पानांचा तो आंबूस वास, बोटांना खार लागते तो. मी चुलीपुढं होते, दारातून सगळं दिसत होतं. भाऊजी आले आणि त्यांच्यासमोर, त्यांच्या सावलीतच बसले. सुपातली एक जुडी उचलून खुडू लागले.

"माय, त्या मशीनचं. चूक माही होती."

"कोणती चूक?"

"म्या वर्ष मृगापासून मोजलं. ते मशीन जानेवारीपासून मोजते."

"वर्ष तं मृगापासूनच सुरू होते."

"आपलं होते."

सासूबाईंनी पुढची जुडी घेतली. "म्हंजे पेटी लवकर उठवली, त्यानं काई झालं नाई?"

"नाई."

"आन म्या पाणी शिंपडलं, त्यानं?"

भाऊजींचा हात थांबला. पाण्याचं हे सासूबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. मी नाही, मालकांनी नाही, मामूंनी नाही. पण नवमीच्याच दिवशी शेजारच्या दुकानातून मलमलीखालची वाफ निघताना त्यांनाही दिसलीच असेल की. एवढे दिवस दोन्ही ओझी घेऊन हिंडत होत्या, मला त्यातलं एकच दिसलं होतं.

"त्यानंबी नाई," भाऊजी म्हणाले. "एक आकडा खराब झाला नाई, माय. वहिनीले विचार."

मला कोणी विचारलं नाही. सासूबाई खुडत राहिल्या. सुपात हिरवा ढीग वाढत होता. मग अगदी हलक्या आवाजात, भाजीला मीठ किती टाकायचं विचारावं तसं, त्यांनी विचारलं.

"मंग दिवाळीपासून तू माह्याशी बोलत काहून नव्हता?"

 भाऊजी नुसते खुडत राहिले, भराभर, खाली मान घालून. मला वाटलं आता रडतील, किंवा पाया पडतील. तसलं काही झालं नाही. चुलीवर भाकर करपायला आली तरी माझ्यानं हात उचलवेना.

थोड्या वेळानं सासूबाईंनी त्यांच्या हातातली जुडी काढून घेतली. "देठंबी टाकून राह्यला भाजीत," म्हणाल्या, आणि आपलं सूप घेऊन बाजूला सरकल्या, भाऊजींना उन्हात बसायला जागा व्हावी इतक्या.